कोंबड्यांचे रोग आणि बाईची मिळकत

(ग्रामीण महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल दिवसभर आपण जमिनीबद्दल बोललो. सातबाऱ्यावर बाईचं नाव, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव, वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा, हे सगळं बोलून झालं. आज मी बोलणार आहे ती कोंबड्यांच्या रोगांबद्दल. काही जणींना वाटेल, हा विषय पशुवैद्यकीय दवाखान्याचा, स्त्रियांच्या हक्कांच्या शिबिरात याचं काय काम? मी पशुवैद्य नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन गेली दहा-बारा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काम करणारी एक कार्यकर्ती आहे. या कामात बायांकडून आणि पशुधन अधिकाऱ्यांकडून जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते. विषय इथलाच आहे की नाही, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी हे बघू की कोंबडी कोणाची असते. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, म्हशीच्या दुधाचे पैसे डेअरीतून त्याच्या नावावर येतात. शेळी कधी तिची, कधी त्याची. पण कोंबडी बाईची. खुडूक कोंबडी अंड्यांवर ती बसवते, पिल्लं डालग्याखाली ती झाकते, घारीपासून आणि मुंगसापासून ती राखते. आठवडी बाजारात चार अंडी किंवा एक कोंबडा विकून आलेला पैसा हा बऱ्याच घरांत एकच पैसा असा, की ज्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि ज्याचा हिशेब कोणी मागत नाही. त्यातून मीठ-मिरची येते, पोरीची वही येते, तापाची गोळी येते, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघतं. बचत गटाचा हप्तासुद्धा किती जणी कोंबडी विकून भरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ही मिळकत लहान दिसते म्हणून ती कोणी मोजत नाही. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, आणि त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. या परसातल्या पक्ष्यांची निगा बहुतेक घरांत बायाच करतात. एवढी मोठी मिळकत बाईच्या हातात आहे, आणि ती एका आठवड्यात नाहीशी करणारे रोगही आहेत. त्या रोगांची ओळख असणं हा म्हणूनच मालमत्ता राखण्याचा प्रश्न आहे.

मानमोडी

सगळ्यांत मोठा रोग म्हणजे राणीखेत. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावात आणि जावा बेटावर त्याची नोंद झाली, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तो ओळखला गेला. त्यावरून हे नाव पडलं. हा विषाणूचा रोग आहे. कोंबड्या गळून बसतात, खात नाहीत, चोच उघडी टाकून धापा टाकतात, हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. काहींचे पाय-पंख लुळे पडतात, मान पिळवटते. अंडी थांबतात. लस न दिलेल्या कोंबड्यांत साथ जोराची असेल तर शंभरातल्या नव्वदसुद्धा मरतात. एकदा रोग झाला की त्यावर औषध नाही. किराणा दुकानदार किंवा फिरता विक्रेता पुडी देईल, पैसे घेईल. त्याने विषाणू मरत नाही.

हा रोग येतो कुठून? बहुतेक वेळा बाजारातून. आजारी कोंबडीच्या शिटेतून, नाकातोंडाच्या पाण्यातून तो पसरतो. आपल्या चपलांना, डालग्याला, पिसांना चिकटूनही तो घरी येतो. म्हणून नवी कोंबडी आणली की दोन आठवडे वेगळी ठेवायची, तिचं पाणी वेगळं ठेवायचं. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही, खोल खड्डा करून चुना टाकून पुरायची.

आता एक अवघड गोष्ट. पाड्यावर पहिल्या दोन कोंबड्या मेल्या की बाई बाकीच्या घाईघाईने बाजारात नेते आणि मिळेल त्या भावाने विकते. तिथून रोग दुसऱ्या दहा गावांत जातो. "आजारी कोंबड्या विकू नका," असं आपण सभेत सांगतो. सांगणं सोपं आहे. पण ज्या बाईची वर्षाची शिल्लक खुराड्यात मरत पडली आहे, तिने ती डोळ्यांदेखत जाऊ द्यावी, हे कोणाच्या भरवशावर? तिच्या पाठीशी ना विमा आहे, ना भरपाई. तिच्यावर दोष ठेवून साथ थांबणार नाही. साथ येण्याआधी लस मिळाली तरच ती थांबेल.

आणि लस आहे. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत राणीखेतवरची लस तयार झाली, त्याला पाऊण शतक उलटून गेलं. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकायचा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. मग आठव्या आठवड्यात पंखाखाली कातडीत टोचायची मोठी लस, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. टोचायची लस लहान पिल्लांना द्यायची नाही, त्यांना ती झेपत नाही. आजारी कोंबडीलाही लस द्यायची नाही. लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागू पडते. एवढंच हे शास्त्र आहे.

बाकीचे सांसर्गिक रोग

देवीच्या रोगात तुऱ्यावर, गलोलीवर, डोळ्यांभोवती फोड येतात आणि खपल्या धरतात. हा डासांमुळेही पसरतो. डोळे मिटले की कोंबडीला दाणा दिसत नाही, आणि ती रोगापेक्षा उपासाने मरते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने डोळे पुसले, हाताने भरवलं, तर बऱ्याच वाचतात. तोंडात-घशात पिवळट साका धरला तर मात्र धोका जास्त. यालाही लस आहे, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पडद्याला टोचतात.

रक्ती हगवण हा पावसाळ्यातला रोग. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना जास्त होतो. पिल्लू पंख पाडून बसतं, शिटेत रक्त येतं. हा विषाणू नव्हे, आतड्यात वाढणारा सूक्ष्म परजीवी आहे, आणि त्याला ओल लागते. दवाखान्यातून पाण्यात घालायचं औषध वेळेवर मिळालं तर पिल्लं बरी होतात. पण खरा उपाय खुराडं कोरडं ठेवण्याचा: खाली राख किंवा तूस, दोन-तीन दिवसांनी खालवर करायचं, पाण्याचं भांडं विटेवर ठेवायचं म्हणजे ते सांडत नाही.

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लं पांढरी हगवण लागून मरत असतील, शेपटाखाली शीट चिकटून वाळत असेल, तर रोग आईकडून अंड्यातून आलेला असू शकतो. अशा कोंबडीची अंडी पुन्हा उबवायला ठेवायची नाहीत. आणि काल संध्याकाळपर्यंत नीट असलेल्या मोठ्या कोंबड्या सकाळी मरून पडलेल्या दिसल्या, तुरे निळसर दिसले, तर ती कोंबड्यांची पटकी असू शकते. तिला औषध लागू पडतं, पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय ते कळत नाही.

उपासमारीचे रोग

आता दुसरा प्रकार. हे रोग कोणाकडून लागत नाहीत, खाण्यात काही कमी पडल्याने होतात. परसातली कोंबडी दिवसभर फिरते, किडे, गवत, दाणे टिपते, म्हणून तिला ते कमी होतात. पण योजनेतून मिळालेली पिल्लं आपण खोलीत कोंडतो आणि तांदळाच्या कण्यांवर वाढवतो, तेव्हा ते दिसू लागतात.

डोळे सुजून चिकटतात, तोंडात-घशात पांढरे ठिपके येतात, अंडी कमी होतात. हा 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव. सर्दी किंवा देवी समजून आपण भलताच उपाय करतो. शेवग्याचा पाला, मेथीची देठं, पिवळा मका हे त्याचं औषध आहे. मऊ कवचाची अंडी, पाय वाकलेली पिल्लं म्हणजे चुन्याचा आणि 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव, आपल्या पोरांना होतो तोच मुडदूस. सकाळचं ऊन आणि शिंपल्याचा चुरा द्यायचा. अंड्याची टरफलं द्यायची तर भाजून बारीक करून, नाहीतर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडायची सवय लागते. पिल्लाच्या पायाची बोटं आत वळतात आणि ते घोट्यांवर टेकून चालतं, तेव्हा 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. ताक आणि हिरवा पाला चालतो. शिळं, खवट खाद्य दिल्यानेही दोन-चार आठवड्यांच्या पिल्लांची मान वाकडी होते, ती तोल जाऊन पडतात. प्रत्येक वाकडी मान मानमोडीची नसते. शेजारच्या घरांतही मरतुक आहे का, हिरवी हगवण आहे का, मोठ्या कोंबड्याही आजारी आहेत का, हे विचारलं की फरक कळायला मदत होते. तरी शंका असेल तर मानमोडी धरूनच काळजी घ्यायची.

इथे एक गोष्ट सांगते. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर काम करत होता. तिथल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले. शोध घेतल्यावर कळलं की त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला सडलेला, पांढराशुभ्र भात घातला जात होता. कोंडा न काढलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी रोगाचं मूळ त्यातून उलगडत गेलं, आणि आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. जीवनसत्त्वांची ओळख जगाला होण्यात कोंबड्यांचा असा मोठा वाटा आहे.

ही गोष्ट मी बायांना सांगते तेव्हा त्या हसतात आणि म्हणतात, "ताई, आम्हीपण उरलेल्यावरच आहोत." हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, म्हणजे त्यांना पंडुरोग होता. घरात दहा अंडी होतात तेव्हा आठ बाजारात जातात, दोन पोरांच्या ताटात. जी कोंबडी पाळते तिच्या ताटात अंडं क्वचित येतं. कोंबडीच्या खाण्याबद्दल बोलताना बाईच्या ताटाबद्दल बोलायला मला फार सोपं जातं. तुम्हीही करून बघा.

लस पाड्यावर का पोचत नाही?

लस आहे, स्वस्त आहे, पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत अशा लसी तयारही होतात. मग पाड्यावर दर उन्हाळ्यात मरतुक का होते? एक आजी मला म्हणाली, "म्हशीला डॉक्टर येतो, कोंबडीला कोण येणार?" तिच्या प्रश्नाची कारणं शोधली तेव्हा चार अडचणी दिसल्या.

पहिली, लसीची बाटली. ती शंभर किंवा दोनशे मात्रांची येते. एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. जिच्याकडे सहा कोंबड्या आहेत तिच्यासाठी बाटली कोण फोडणार? लसीची ही मांडणी हजार कोंबड्यांच्या शेडला सोयीची आहे, सहा कोंबड्यांच्या बाईला नाही.

दुसरी, थंडावा. लस बर्फात राहायला हवी. जिथे वीज दिवसातून अनेकदा जाते तिथे ती फ्रिजमध्येसुद्धा खराब होते.

तिसरी, वेळ. दवाखाना सकाळी उघडतो, तेव्हा कोंबड्या रानात आणि बाया मजुरीला. कोंबडी हाताला लागते ती दिवेलागणीनंतर खुराड्यात, नाहीतर पहाटे. त्या वेळी दवाखाना बंद.

चौथी, प्रशिक्षण. कुक्कुटपालनाच्या शिबिराचा निरोप ग्रामपंचायतीत येतो, तिथून पुरुषांना जातो. निवासी शिबिर असलं तर बाई घर सोडून जाऊ शकत नाही. कोंबड्या बाईच्या, आणि प्रमाणपत्र नवऱ्याचं.

या चारही अडचणींवर एकटी बाई काही करू शकत नाही, गट करू शकतो. आमच्या भागातल्या काही गटांनी हे करून पाहिलं आहे. पंधरा-वीस घरांच्या कोंबड्या मिळून शंभर होतात. गटाच्या बैठकीत यादी करायची: कोणाकडे किती मोठ्या, किती तलंगा, किती पिल्लं. पशुधन अधिकाऱ्याला गटाच्या नावाने अर्ज द्यायचा. ठरलेल्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यातच ठेवायच्या आणि पहाटे दोन तासांत पाडा उरकायचा. थेंब टाकणं आणि टोचणं गटातल्या दोघी शिकतात. 'उमेद' अभियानातून आता अनेक गावांत पशुसखी आहेत. त्यांच्याकडून हे काम करून घ्या, आणि तिच्या कष्टाचे पैसे दर कोंबडीमागे ठरवून द्या. बाई करते म्हणून फुकट, हे आपल्या गटात तरी नको.

रोगाचं नाव माहीत असणं

आता शेवटचे दोन मुद्दे. आमच्या सातपुड्यात डाकीण ठरवण्याची प्रथा अजून गेलेली नाही. गुरं मेली, कोंबड्या मेल्या, पोर आजारी पडलं की बोट कोणाकडे जातं? एकट्या राहणाऱ्या बाईकडे, विधवेकडे, जिच्या वाट्याच्या जमिनीवर दिराचा डोळा आहे तिच्याकडे. २०१३ सालापासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याचा आधार घ्यायलाच हवा. पण कायदा येतो तो बहुतेकदा घटना घडल्यावर. त्याआधी पाड्यावरच्या चार बायांनी उभं राहून म्हणायला हवं, "ही मानमोडी आहे, बाजारातून आली आहे, हिची लस असते." रोगाचं नाव ठाऊक असलं की एखाद्या बाईचं नाव पुढे येणं थांबवता येतं. माझ्या लेखी या माहितीचा हा सर्वांत मोठा उपयोग आहे.

दुसरा मुद्दा बर्ड फ्लूचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली त्याची पहिली साथ आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला जाहीर झाली. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आणि पुन्हा नवापूरला तो आला. अशा वेळी ठरावीक परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात, शेडमधल्याही आणि घरच्याही. वरून बघता बर्ड फ्लू आणि मानमोडी यांत फरक करता येत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून एकदम खूप कोंबड्या मेल्या तर त्या सोलू नका, खाऊ नका, उघड्या हाताने उचलू नका, दवाखान्याला लगेच कळवा. मेलेली कोंबडी उचलणं, सोलणं, खुराडं झाडणं ही कामं बायांची आणि पोरींचीच असतात, त्यामुळे धोकाही त्यांनाच जास्त.

सरकार मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देतं. पण शेडमालकाकडे नोंदवही असते, बाईकडे काय असतं? पंचनाम्यात नाव लिहितात ते कुटुंबप्रमुखाचं, आणि पैसा जातो त्याच्या खात्यात. मारल्या तिच्या कोंबड्या, भरपाई त्याला. लसीकरणासाठी गटाने केलेली यादी इथे कामाला येते. त्या यादीत बाईचं नाव आणि तिच्या कोंबड्यांची संख्या लिहिलेली असते. दर सहा महिन्यांनी ती नवी करा आणि एक प्रत दवाखान्यात देऊन पोच घ्या.

तेव्हा या शिबिराच्या ठरावांत चार मागण्या घालाव्यात, असं मी सुचवते. परसातल्या कोंबड्यांचं लसीकरण पाड्यावर, बायांच्या सोयीच्या वेळी व्हावं. लसीच्या लहान बाटल्या मिळाव्यात. प्रशिक्षण गावातच, कोंबड्या पाळणाऱ्या बाईला मिळावं. आणि भरपाईचा पंचनामा तिच्या नावाने व्हावा.

जमिनीचा लढा लांबचा आहे, तो सोडायचा नाही. पण सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत जी मिळकत आज हातात आहे, ती दर उन्हाळ्यात मरू देणं आपल्याला परवडणारं नाही. उन्हाळ्याची साथ यायच्या आत यादी तयार हवी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपापल्या पाड्यावरची घरं आणि कोंबड्या मोजून आणा. शंभर भरल्या की बाटली मागायला आपण सगळ्या मिळून दवाखान्यात जाऊ.